लाल पेन्सिलचे चार गोल

बसलाच आहात तर ऐका. मध्येच उठू नका, आणि "जाऊ द्या हो बाई, झालं ते झालं" असं तर अजिबात म्हणू नका. हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही — आईसमोर नाही, भावासमोर नाही. केळझरच्या गणपतीपुढं मी दोनदा हात जोडून उभी राहिले, तिथंसुद्धा नाही. तिथं मी काय मागितलं माहीत आहे? गुडघे दुखायचे थांबू देत म्हणून! देवापुढं उभं राहून गुडघे! शी. माझी मलाच किळस येते, आणि ती आज आलेली नाही. साठ वर्षं झाली तिला.

आम्ही आर्वीचे. त्रेपन्न-चोपन्न सालातली गोष्ट. घरात चौघं — माय, दादा, दादाची बायको म्हणजे माझी वहिनी, आणि मी. दादा कापसाच्या जिनात कारकून. वहिनीचं नाव कौसल्या, आष्टीकडच्या एका खेड्यातली. मी एकोणिसाव्या वर्षी कुंकू पुसून माहेरी परत आलेली, सातवी पास. घरातल्या बायकांत वाचता येणारी मी एकटी. लोकांना त्याचं केवढं कौतुक! "गोदीले वाचता येते," असं माय चारचौघींत सांगायची. मला वाचता आलं नसतं तर बरं झालं असतं.

वहिनीला सात वर्षं मूल नव्हतं. मायनं उपास धरायला लावले, कंबरेला ताईत बांधले, कुण्या वैदूचं कडू-काळं काय काय प्यायला दिलं. शेवटी तिनं दादाला मुदत घातली — अक्षय तृतीयेपर्यंत पाहायचं, नाहीतर दुसरी आणायची. हिंगणघाटकडची एक पोरगी तिनं मनात धरूनही ठेवली होती. तेव्हा एक बायको असताना दुसरी करायला कायदा आडवा येत नव्हता. दादा वाईट नव्हता हो. पण मायपुढं त्याची जीभ टाळूला चिकटायची. त्यानं एवढंच केलं — वर्ध्याला एक नवी डॉक्टरीणबाई आली आहे, वांझपणावर औषध देते असं ऐकलं आणि वहिनीला तिकडं न्यायचं ठरवलं. सोबत मी. वहिनी परक्यापुढं तोंड उघडत नसे, म्हणून तिच्या वतीनं बोलायला मी.

डॉक्टरीणबाई चष्मेवाल्या, बोलायला कडक. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "माझ्याकडे एकीचं औषध दुसरीला चालत नाही. बाईच्या अंगात रस तयार होतात, ते कधी कमी पडतात, कधी वेळेवर येत नाहीत. प्रत्येकीचं गणित वेगळं. ते आधी मला कागदावर पाहिजे." आणि त्यांनी चौकटीचा एक कागद दिला, एक थर्मामीटर दिला आणि लाल-निळी पेन्सिल दिली. रोज सकाळी, उठायच्या आधी, बोलायच्या आधी, पाण्याचा घोट घ्यायच्याही आधी थर्मामीटर तोंडात धरायचा. जो आकडा येईल तिथं निळा ठिपका. बाहेर बसायचे जे चार दिवस, त्यांना लाल गोल. महिन्याच्या महिन्याला कागद वर्ध्याला पाठवायचा, तो पाहून त्या त्या महिन्याचं औषध ठरवणार — लाल गोलाच्या पाचव्या दिवसापासून गोळ्या, पुढं सुई.

आणि मग त्यांनी माझ्याकडं — वहिनीकडं नाही, माझ्याकडं — बोट करून सांगितलं. "तारीख टळली तर एक गोळीसुद्धा द्यायची नाही. पहिल्या गाडीनं तिला इथं घेऊन यायचं. ठिपके वर चढले आणि वरच राहिले, तर येताना पेढे आणायचे. समजलं?"

मी म्हटलं, समजलं. मला खरंच समजलं होतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढं तुम्हीच माझ्यासाठी काहीतरी सबब शोधाल. लोक शोधतात. म्हाताऱ्या बाईची दया येते त्यांना.

रोज सकाळी मी वहिनीच्या अंथरुणाशी जायची. ती डोळे मिटून, ओठ घट्ट धरून पडलेली. मी थर्मामीटर काढून घ्यायची. तो ओला असायचा, कोमट असायचा, आणि मला मळमळायचं. तिचं तोंड, तिचा तो रात्रीचा वास, शेजारी दादाची रिकामी उशी. माझं स्वतःचं अंथरूण मायच्या पायाशी होतं. मी तेवीस वर्षांची होते. मला कशाची किळस यायची — तिच्या लाळेची की मला कुणी कधी काही विचारत नाही याची? तेव्हा मी लाळेचं नाव घेतलं. पदरानं पुसून पुसून तो थर्मामीटर मी लख्ख करायची, आकडा वाचायची, ठिपका द्यायची.

पहिले तीन महिने मी चोख लिहिलं. उगाच खोटं कशाला बोलू? माझा थाट वाढला होता. दादा जिनातून आला की विचारायचा, "काय म्हणते कागद?" कागद तो स्वतः उघडत नसे. बायकांची गोष्ट म्हणून लाजायचा, माझ्या हातून बंद पाकीट घ्यायचा आणि पुलगावपर्यंत छोट्या गाडीनं, पुढं मोठ्या गाडीनं जाऊन वर्ध्याला पोचवून यायचा. तिकडून तसंच बंद पाकिटात कागद परत यायचा, सोबत गोळ्या. दर खेपेला प्रमाण बदललेलं, वहिनीच्या ठिपक्यांप्रमाणं. त्या गोळ्यांनी तिला ओकाऱ्या व्हायच्या. सुया टोचून टोचून कुल्ल्यावर गाठी आल्या होत्या, ती एका अंगावर निजायची. माय म्हणायची, "काऊन वं, अजून निजूनच आहेस? औषध का तूच एकटी खाऊन राह्यली दुनियेत?" वहिनी उठायची. तिनं एकदाही नाही म्हटलं नाही. अक्षय तृतीया जवळ येत होती, तिला काय ते माहीत नव्हतं?

चौथ्या महिन्यात ठिपके वर चढले. सत्त्याण्णव पॉइंट सहाचे अठ्ठ्याण्णव पॉइंट चार झाले. तसे ते मागंही चढायचे, आणि तारखेला खाली यायचे. या वेळी आले नाहीत. चौदा दिवस झाले, पंधरा, सोळा — वरच. वहिनीला वाचता येत नव्हतं, तिला कळायचं कारण नव्हतं. मला कळत होतं. तिच्या पोटात काय आहे ते या जगात पहिल्यांदा मला कळलं, तिच्या आधी, तिच्या नवऱ्याच्या आधी. आणि मी कुणाला काही बोलले नाही. का? उद्या बोलू म्हणत होते. उद्या.

मग एका सकाळी मी थर्मामीटर काढला तसा वहिनीनं माझा हात धरला. मी नणंद, म्हणून ती मला बाई म्हणायची. कुजबुजत म्हणाली, "बाई, सहा दिवस वर झाले. मले वाटते, काई तरी आहे. पण घरी सांगू नका. मागं पाच दिवस वर गेले तं मायनं साऱ्या गल्लीत सांगून टाकलं, मंग मी बाहेर बसली तवा बाया तोंडाले पदर लावून हासत होत्या. मी आज खोटीच बाहेर बसते. चार दिवस पाणी भरणं नाई, वेचणीले जाणं नाई. तेवढं थांबलं तं टिकंल. कागदावर मात्र खरं लिहा बरं! डॉक्टरीणबाईले कळलं पायजे."

अशा खोट्या बसण्या तेव्हा बायका करायच्या. अंग मोडून आलं, ताप आला, तरी सासुरवाशिणीला कुणी नीज म्हणणार नाही. पण विटाळ म्हटलं की मोठ्यातली मोठी सासूही हात लावत नाही. तेवढाच काय तो हक्काचा विसावा. सगळ्यांना माहीत, आणि कुणी कुणाचं बिंग फोडायचं नाही. वहिनीनं मूल वाचवायला तेवढीच एक जागा शोधली — मागच्या पडवीतलं गोणपाट.

मी म्हटलं, बरं.

ती चार दिवस पडवीत बसली आणि घराचं सगळं माझ्या अंगावर आलं. विहिरीच्या बारा-बारा खेपा. दळण. शेण. दुपारी शेतात कापसाची वेचणी. हात फाटले होते माझे, आणि पाणी घेऊन मागून येताना ती दिसायची — भिंतीला टेकून, पाय पसरून, पोटावर हात ठेवून. आणि तोंडावर ते हसू! एवढंसं. आपल्याशीच. दादा दुरून, उंबऱ्यातून, तिला काहीतरी विचारायचा आणि ती मान खाली घालायची. तिसऱ्या दिवशी त्यानं बाजारातून जिलेबी आणली, पानावर ठेवून दुरून तिच्याकडं सरकवली. माझ्यासाठीही आणली होती. पण माझी मायच्या हातून आली.

आता तुम्ही म्हणाल — एवढ्यावरून? हो, एवढ्यावरून. याहून मोठं काही असतं तर मीही सांगितलं असतं. बारा खेपा पाणी, एक हसू आणि जिलेबी. मी किती शोधलं हो, एखादं दांडगं कारण सापडतं का म्हणून! सापडलं नाही.

विटाळाच्या चार दिवसांत थर्मामीटरला हात लावायचा नाही, असं मायचं होतं. डॉक्टरीणबाई त्यावरून एकदा चिडल्याही होत्या. पण चालवून घेत, तेवढे दिवस नुसते लाल गोल पाहत. चौथ्या दिवशी दुपारी मी कागद घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी दादा वर्ध्याला जाणार होता. लाल पेन्सिल घेतली आणि चार गोल काढले. बारीक टोक करून, एकाखाली एक नाही, शेजारी शेजारी, सुबक. शाळेत माझ्या अक्षराला बक्षीस होतं. मग मागचे सहा-सात ठिपके खोडरबरानं पुसले आणि ते खाली आणून दिले, तारखेच्या आधी येतात तसे. कागद जरा खरवडला गेला. मी त्यावर नखानं घासून सारखा केला.

म्हणजे रागात हात फिरला असं नाही. मी कागद सारखा केला.

दादा नव्या गोळ्या घेऊन आला. आधीपेक्षा जास्त. सोबत चिठ्ठी — या खेपेस ठिपके लवकर उतरले, म्हणून प्रमाण वाढवलं आहे, सुईही लवकर सुरू करा. डॉक्टरीणबाईंची चूक काय? कागद जे बोलला ते त्यांनी ऐकलं. वहिनी न्हाऊन घरात आली होती. तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "पाह्यला ना कागद त्यायनं? काय म्हणाल्या?"

तेव्हा तरी! अजून एकही गोळी तिच्या तोंडात गेली नव्हती. तिथल्या तिथं सांगता आलं असतं — वहिनी, माझी चूक झाली, चला वर्ध्याला. मी म्हटलं, "त्या म्हणाल्या, याच गोळ्यांनी धरून राहते. न चुकता घ्यायच्या."

तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. आणि गोळी घेतली. पाणी मीच दिलं.

पाचव्या दिवसापासून ती पुन्हा विहिरीवर, पुन्हा वेचणीला. चार दिवस बसून झालं होतं ना, आता कुठलं निमित्त? ओकाऱ्या वाढल्या तर सगळ्यांनी औषधावर घातलं. मीही घातलं. रोज सकाळी थर्मामीटर पाहायची — अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, अठ्ठ्याण्णव पॉइंट पाच — आणि कागदावर सत्त्याण्णव लिहायची. एकदा सुरू केलं की ते सोपं जातं. भाजी चिरावी तसं जातं.

सोळाव्या दिवशी दुपारी ती कापसाचं ओझं उतरवून घरात आली आणि न्हाणीच्या दाराशी खाली बसली. उठलीच नाही. लुगडं भिजून गेलं. माय लांबून ओरडत होती, "शिवू नको वं गोदे, शिवू नको!" नेहमीचं नव्हतं ते. नेहमी बाई स्वतःचे कपडे स्वतः धुते, दुसरीनं हात लावायची रीत नाही. पण वहिनीला बसताही येत नव्हतं. तीन दिवस ते सगळे कपडे मी धुतले. मला दोनदा ओकारी झाली. मी मनात तिलाच शिव्या देत होते — तिचं रक्त, तिची घाण, आणि माझे हात. माणूस किती खाली जाऊ शकतो, बघा. मी तिच्यावरच चिडले होते.

गोळ्यांनी गेलं, की ओझ्यानं, की आपसूकच जायचं होतं? मागं एकदा एका डॉक्टरला मी दुसरीचं म्हणून विचारलं होतं. तो म्हणाला, सांगता येत नाही आजी, अशी कितीतरी आपोआप जातात. मला बरं वाटलं. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं, मग त्या बरं वाटण्याचीच घाण वाटायला लागली.

पण याहून वाईट पुढं आहे. तेवढ्यावरच थांबले असते तर मी आज तुम्हाला बसवून ठेवलं नसतं.

वहिनी जरा उठून बसू लागली तशी मायनं हिंगणघाटची गोष्ट काढली. एवढं औषध झालं, काय उपयोग? वांझ ती वांझच. तेव्हा सात वर्षांत पहिल्यांदा वहिनी सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलली. दादाला म्हणाली, "मी वांझ नाई. मले दिवस गेले होते. ते गेलं, पण राह्यलं होतं ना? एकडाव राह्यलं तं पुन्हा राहीन. कागदावर आहे. बाईनं लिहिलं आहे."

समजतं ना, केवढी गोष्ट होती ती? एकदा राहिलं होतं एवढं खरं ठरलं असतं, तर दादा दुसरी करायला उभा राहिला नसता. त्याला तेवढंच हवं होतं, मायपुढं बोलायला एक काहीतरी. त्यानं कागद मागितला. लाजलाजून का होईना, पहिल्यांदा स्वतः उघडला. आणि म्हणाला, "इथं तं लाल आहे. तू तवा बाहेर बसली होतीस, मीच जिलेबी आणली होती."

"मी खोटी बसली होती," वहिनी म्हणाली. "बाईले माहीत आहे. विचारा."

तिघंही माझ्याकडं पाहायला लागले. दुपारची वेळ, चुलीवर डाळ शिजत होती. वहिनी माझ्याकडं पाहत होती ती अगदी निर्धास्त. तिला खात्रीच होती हो. दादानं विचारलं, "गोदे, खरं आहे का?" त्याचा आवाज असा होता — तो 'हो' ऐकायला बसला होता. एक 'हो' म्हणायचा होता मला. कदाचित दोन शिव्या मिळाल्या असत्या, दादानं एक मुस्काटात दिली असती. बस.

मी म्हटलं, "मला काय माहीत? बसली तसं मी लिहिलं."

माय म्हणाली, "घ्या! आता खोटं बोलायलेही लागली." दादानं कागदाची घडी घातली आणि तो बाहेर निघून गेला. वहिनीला तेव्हा सगळं कळलं. गोल कुणी काढले, गोळ्या कुणी दिल्या, सगळं. तिनं उठून डाळ उतरवली, ती लागायला आली होती.

अक्षय तृतीयेनंतर हिंगणघाटची आली. ती चांगली होती, तिला दोन मुलं झाली, तीच आज मला सांभाळतात, माझे पाय चेपतात, आत्या आत्या करतात. कौसल्यावहिनीला माहेरी पाठवायचं ठरलं. ती आष्टीकडं भावाच्या घरी राहिली, त्याच्या शेतात राबली, तिकडंच वारली. ती गेल्याचा निरोप आला तेव्हा मी आंघोळ केली आणि जेवले.

पण ती घर सोडून गेली त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. तिचा भाऊ मोटारीच्या अड्ड्यावर थांबला होता. तिथपर्यंत तिला पोचवायला कुणीतरी हवं, म्हणून मायनं मला पाठवलं. तिच्याजवळ एक गाठोडं. सगळ्या रस्त्यानं मला वाटत होतं, आता ती शिव्या देईल, तळतळाट देईल. मी वाट पाहत होते. दिला असता तर निदान काही फिटल्यासारखं झालं असतं.

अड्डा दिसू लागला तशी ती थांबली. माझ्याकडं वळली. रागावलेली नव्हती. अगदी साधं, काही वस्तू घरी राहिली का विचारावं तसं तिनं विचारलं, "बाई, कपडे तुमीच धुतले. त्याच्यात काई होतं का हो? मले कोणी दाखवलं नाई."

"नाही," मी म्हटलं. "काही नव्हतं त्यात."

तिनं मान हलवली आणि भावाकडं गेली.

होतं. दुसऱ्या दिवशीच्या कपड्यात होतं. बोटाच्या दोन पेरांएवढं, पांढुरकं, पाण्यात सोडलं तरी विरघळलं नाही. मी ते बराच वेळ पाहत राहिले, मग चुलीतल्या राखेत गुंडाळून उकिरड्यावर टाकलं. हात धुतले. संध्याकाळी त्याच हातांनी पिठलं-भाकरी केली, तिलाही वाढली. तिनं अर्धी खाल्ली आणि म्हणाली, "बाई, तुमी किती करून राह्यल्या माह्यासाठी."